तागडीसाहेब आणि अक्काचं गरम पाणी

धाकट्या जावयानं चांगली कंपनीतली नोकरी सोडून कुत्र्यांना शिकवायचा धंदा काढला, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात त्यावर बरीच खळबळ माजली होती. सासऱ्यांनी मुलीला फोनवर विचारलं, "शिकवतो म्हणजे नक्की काय शिकवतो?"

"बसायला शिकवतात बाबा. आणि हाक मारली की यायला."

"मग तो लग्नाआधीच भेटायला हवा होता," सासरे म्हणाले. "तुला चार दिवस पाठवली असती."

या सासऱ्यांना सगळी इमारत तागडीसाहेब म्हणायची. म्हणजे तोंडावर नुसतं साहेब आणि पाठ वळली की नुसतं तागडी. उभी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेलेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हात स्वस्थ बसत नव्हते. दुधाची पिशवी आली की आधी मोजायची, मग तापवायची. केस कापून आले की दोन्ही कल्ले सारखे आहेत का ते पट्टी लावून बघायचं. घरात पंखा घ्यायचा होता तेव्हा दोन उन्हाळे गेले. पहिला वारा मोजण्यात आणि दुसरा दुकानदाराशी भांडण्यात. पंखा आला तेव्हा थंडी पडली होती.

घरात माणसं तीन. साहेब, त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, आणि साहेबांची थोरली बहीण अक्का. अक्का मोठ्या दवाखान्यात हेड नर्स होती. तिच्या पावलांचा आवाज आला की डॉक्टरसुद्धा कोटाची बटणं लावून घेत. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "अख्खा वॉर्ड सांभाळते, त्यात एका पुरुषाचं काय कौतुक?" आईबाप लवकर गेले, तेव्हा या धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. म्हणून केस पांढरे झालेल्या साहेबांना ती अजून 'बाळ्या' म्हणायची आणि तेही जिन्यातून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं.

अक्काला गरम पाणी लागायचं. चहा नको, कॉफी नको. उठल्याबरोबर, जेवल्यावर आणि अंथरुणावर पडण्याआधी पेलाभर गरम पाणी. स्वतःच पातेलं ठेवायची, स्वतःच ओतून घ्यायची. पण ऐंशी उलटली आणि हाताला कंप सुटला. एका सकाळी पातेलं कललं आणि मनगट भाजलं. तिनं स्वतःच औषध लावलं, स्वतःच पट्टी बांधली. ती इतकी सुबक बांधली की दुपारपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा काकूंनी फर्मान काढलं. "अक्का, आजपासून तुम्ही गॅसला हात लावायचा नाही. पाणी हवं असलं की मला हाक मारा."

इथेच माशी शिंकली. अक्काचा आवाज खणखणीत होता, पण मागण्यासाठी तो वापरायची तिला सवय नव्हती. दुसऱ्यानं घंटा वाजवायची आणि अक्कानं जायचं, असा तिचा जन्माचा शिरस्ता. आता आपण घंटा वाजवायची हे तिच्याच्यानं होईना. ती मुकाट्यानं गार पाणी प्यायला लागली आणि मग खोकायला लागली. काकू बिचाऱ्या तो खोकला ऐकून पातेलं चढवायच्या, तर अक्का म्हणायची, "राहू दे गं. मी कुठे मागितलं?"

असं काही दिवस चाललं. मग एका रविवारी जेवताना अक्का म्हणाली, "मी ज्येष्ठांचा आश्रम बघून आले."

काकूंचा घास हातातच राहिला. "कधी?"

"मंगळवारी. तुम्हाला वाटलं मी दाताच्या डॉक्टरकडे गेले. चांगला आहे, फिनेलचा वास येतो. बाहेर पॅसेजमध्ये गरम पाण्याचं मशीन आहे. पेला धरायचा, पाणी घ्यायचं. कुणाला काही सांगायला नको. महिनाअखेरीला एक खोली रिकामी होतेय. मी नाव लावून आले."

"अगं अक्का, पाण्यासाठी घर सोडतेस?" साहेब म्हणाले.

"पाण्यासाठी नाही बाळ्या. पाणी मागावं लागतं म्हणून."

साहेबांनी ताट बाजूला सारलं. ज्या बहिणीनं आपल्याला न्हाऊमाखू घातलं, पाटीवर अक्षर गिरवून घेतलं, ती आपल्या घरात पाण्याला महाग झाली, हे त्यांच्या काळजाला लागलं. पण पुरुषाच्या काळजाला लागलं की तो रडत नाही, घोषणा करतो. "तसलं मशीन मी आणतो! या घरात!"

"तू?" अक्का म्हणाली. "बाळ्या, तुला पंखा आणायला दोन उन्हाळे लागले."

"महिना संपायच्या आत आणतो."

"आण. आलं तर मी नाव काढून घेते. नाही आलं तर माझी ट्रंक तेवढी खाली नेऊन दे. जड आहे."

काकूंनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त समोरच्या बाईंना 'कुणाला बोलू नका हं' एवढं सांगितलं. संध्याकाळपर्यंत इमारतीत पाण्याशिवाय विषय नव्हता.

सगळ्यात आधी आले खालचे बँकवाले. हे बँकेतून निवृत्त झाले होते आणि ज्या कामात हात हलवायला लागत नाही अशा प्रत्येक कामातले जाणकार होते. "साहेब, विजेचा विचार केलात का? चोवीस तास पाणी तापत राहणार. तुम्ही झोपाल, मीटर झोपेल का?"

"मग तुमच्याकडे कुठलं आहे?"

"आम्ही गरम पाणी पीतच नाही," बँकवाले म्हणाले आणि चहाचा दुसरा कप घेऊन गेले.

मग वरच्या मजल्यावरच्या गाणंवाल्या बाई आल्या. त्यांच्या गळ्याला बारा महिने मफलर. "कोमट," त्या म्हणाल्या. "कोमटाच्या वर जाऊ नका. कढत पाणी म्हणजे गळ्याचा दुश्मन."

"पण अक्का गात नाही हो."

"कशा गातील? कढत पाणी पितात ना!"

इस्त्रीवाल्याचं मत आणखी वेगळं. कपडे द्यायला आला आणि दारातच थांबला. "साहेब, त्या मशीनमध्ये पाणी परत परत तापतं. दोनदा तापलेलं पाणी मेलेलं असतं. मी तर इस्त्रीतसुद्धा घालत नाही. शर्ट सुतकात असल्यासारखा दिसतो."

शेवटी जावयाचा फोन आला. "बाबा, मशीन कुठलंही घ्या. मुख्य प्रश्न सवयीचा आहे. अक्काआत्यांना आधी नुसतं मशीनजवळ बसायला शिकवा. घाई नको. बटण बरोबर दाबलं की लगेच बिस्कीट द्यायचं."

साहेबांनी फोन ठेवला. ही सूचना पुढे कुणीतरी अक्काला सांगितली. त्यानंतर जावई घरी आला की अक्का त्याला 'बस' म्हणायची, आणि तो बसला की बिस्कीट द्यायची.

सगळं ऐकून झाल्यावर साहेबांनी ठरवलं की जगाचं ऐकायचं नाही, मापाचं ऐकायचं. त्यांच्याकडे पितळेचं एक लिटरचं माप होतं. निरोपाच्या दिवशी खात्यानं नाव कोरून भेट दिलेलं. ते स्वयंपाकघराच्या फळीवर असायचं आणि काकू त्यात लोखंडी बत्ता ठेवायच्या. साहेबांनी बत्ता बाहेर काढला, माप चिंचेनं लख्ख घासलं, थर्मामीटर खिशात टाकला आणि बाजाराला निघाले. चालताना त्यांची पाठ पुन्हा ताठ झाली होती. जिन्यात बँकवाले भेटले, ते नकळत बाजूला झाले.

विजेच्या वस्तूंची सगळी दुकानं एकाच रस्त्यावर, दोन्ही अंगांना. साहेब पहिल्याच मोठ्या दुकानात शिरले. गळ्यात टाय बांधलेला विक्रेता धावत आला. "या सर! गरम पाण्याचं ना? हे बघा, एक नंबर माल. पाच लिटरची टाकी, हवं ते तापमान, रात्री निळा दिवा."

"पाच लिटर कशावरून?"

"सर, लिहिलंय की वर."

"लिहिणाऱ्यानं मोजलंय का?"

विक्रेता हसला. त्याला वाटलं गिऱ्हाईक गमतीचं आहे. साहेबांनी पिशवीतून माप काढून काउंटरवर ठेवलं, तसं त्याचं हसू मावळलं. माप ठेवल्यावर जरासं डुगडुगलं. "काउंटर सरळ नाही तुमचा," साहेब म्हणाले. मशीन काठोकाठ भरवलं आणि मग ते कलतं करून एकेक माप ओतायला सुरुवात केली. चार मापं नीट भरली. पाचवं दोन बोटं रिकामं राहिलं.

"दोन बोटं कमी!"

"सर, दोन बोटांनी काय होतंय?"

"काय होतंय?" साहेबांचा आवाज चढला. "घरटी दोन बोटं गेली तर गावाचं तळं होतं, तळं!"

लोक जमले. लोकांना जमायला एवढं पुष्कळ होतं. एक बाई नुकताच घेतलेला कुकर खोक्यासकट घेऊन पुढे आली. "काका, हापण बघा ना, मला मेला लहानच वाटतोय." एकानं बादली आणली. एका आजोबांनी कानातलं ऐकायचं यंत्र काढून साहेबांच्या हातात दिलं आणि मग साहेब काय म्हणतात ते त्यांना काही ऐकू येईना.

गलका ऐकून मालक बाहेर आले. देहानं भरलेले, आवाजानं मऊ. त्यांनी पितळी माप पाहिलं, थर्मामीटर पाहिला, साहेबांच्या उभं राहण्याची ढब पाहिली आणि ते लगबगीनं पुढे आले. "अहो साहेब, आत या ना! खात्यातून आलात ते आधी नाही का सांगायचं?"

आता इथे 'मी निवृत्त आहे' एवढे तीन शब्द साहेबांनी बोलायचे होते. पण 'खात्यातून' हा शब्द इतक्या वर्षांनी कानावर पडला. वाळलेल्या झाडाला कुणी पाणी घालावं तसं झालं. साहेब हो म्हणाले नाहीत. नाहीपण म्हणाले नाहीत. ते नुसतं "हं" म्हणाले.

त्या 'हं'नं घात केला. मालकांनी चहा मागवला आणि कानाशी येऊन म्हणाले, "एक मशीन घरी पोचतं करतो. नवंकोरं. तपासून बघा निवांत. परत केलं नाही तरी चालेल."

"म्हणजे मला लाच देता?" साहेब गरजले. चहा तसाच टाकला, माप उचललं आणि तरातरा बाहेर पडले. तत्त्व राखलं, पण मशीन मागेच राहिलं.

दुसऱ्या दुकानाकडे वळले तर तिथलं शटर खाली येत होतं. तिसरं आधीच आलं होतं. साहेब जसजसे पुढे जात तसतसं दोन्ही बाजूंना खडखड शटरं पडत गेली, जणू काही बाजारात वळू शिरलाय. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, पण सगळे लावतायत म्हणून त्यानंही अर्धं ओढून घेतलं.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "मिळालं नाही?"

"बाजार बंद होता."

"आज कसा?"

"मी गेलो तेव्हा उघडा होता," साहेब म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

चार दिवसांनी फोन आला. बाजारात एक तोतया निरीक्षक फिरतोय अशी व्यापारी मंडळाची तक्रार आहे, तरी आपण मापासह कार्यालयात हजर राहावं. फोन त्यांच्याच जुन्या कार्यालयातून आला होता. मापावर कोरलेलं नाव दुकानात वाचलं गेलं होतं. तोतया! साहेबांना हा शब्द असा झोंबला की त्यांनी त्या दिवशी दूध न मोजता तापवलं.

कार्यालयात गेल्यावर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. हा बाक त्यांनीच एके काळी मुद्दाम आखूड पायांचा करून घेतला होता, म्हणजे बसलेल्या व्यापाऱ्याचे गुडघे छातीशी यावेत आणि त्याला आपलं चुकलंय असं वाटावं. युक्ती नामी होती. साहेबांना ती आज पटली.

नवीन लागलेली कारकून मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही निरीक्षक आहात का?"

"नाही. होतो."

"म्हणजे आत्ता नाही?"

"नाही."

"तसा दाखला आणलाय?"

"कसला दाखला?"

"निरीक्षक नसल्याचा."

"अहो बाई, जगात सगळे लोक निरीक्षक नसतात! त्यांच्याकडे दाखला असतो का?"

"त्यांची तक्रार आलेली नाही ना, काका."

"बरं, मग हा दाखला देतं कोण?"

"आम्हीच देतो."

"मग द्या."

"तो निरीक्षकांच्या सहीनं मिळतो. आणि निरीक्षकसाहेब म्हणतात, आधी चौकशी होऊ दे."

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. खुर्चीवर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस बसला होता. साहेबांना पाहून तो सवयीनं ताडकन उठला. मग आपण चौकशी करतोय हे आठवून बसला. मग बसणं बरं दिसेना म्हणून अर्धवट उठला आणि पुढचं सगळं बोलणं त्यानं त्याच अवघड अवस्थेत केलं.

"सर, माफ करा, पण नियम आहे. ते माप जरा बघू?"

साहेबांनी अभिमानानं माप टेबलावर ठेवलं. माप डुगडुगलं. टेबल तर चांगलं सपाट होतं. शिष्यानं कपाटातून खात्याचं शिक्क्याचं माप काढलं, ते पाण्यानं गच्च भरलं आणि साहेबांच्या मापात ओतलं. वर अर्ध्या बोटाहून थोडी कमी जागा राहिली. म्हणजे पाच मापांत मिळून दोन बोटं.

साहेबांनी वाकून दोन्ही मापं पाहिली.

"सर, तुमचं माप मोठं आहे."

"शक्य नाही! तुमच्याच हातानं दिलंत ते मला."

"दिलं तेव्हा बूड सपाट होतं, सर." त्यानं पाणी ओतून माप उलटं केलं. बूड बाहेर आलं होतं, जेवण जास्त झालेल्या माणसाच्या पोटासारखं. "सर, घरी यात काय ठेवता?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग खोल आवाजात म्हणाले, "बत्ता."

रोज सकाळ-संध्याकाळ काकू तो लोखंडी बत्ता वरून सोडायच्या, खाडकन. इतकी वर्षं. दारातला शिपाई बाहेर निघून गेला आणि त्या आखूड बाकावर बसून इतका हसला की बाक भिंतीला आपटल्याचा आवाज आत येत होता.

शिष्यानं प्रकरण मिटवलं. दुकानात जाऊन यापुढे काहीही मोजणार नाही, असं साहेबांनी लिहून दिलं. माप मात्र बेकायदा म्हणून तिथेच ठेवून घेतलं गेलं. जन्मभर दुसऱ्यांची मापं जप्त केलेला माणूस रिकामी पिशवी घेऊन जिना उतरला. त्यांना त्या क्षणी अपमानापेक्षा एक वेगळीच गोष्ट खुपत होती. त्या दुकानदाराच्या मशीनमध्ये पाच लिटर पाणी खरोखरच मावत होतं.

साहेब हट्टी होते, पण खोटे नव्हते. ते तसेच बाजारात गेले. मालकांनी लांबूनच पाहिलं आणि शटर ओढायला घेतलं. साहेब धावले, ओणवे झाले आणि उरलेल्या फटीतून ओरडले, "अहो, थांबा! मी माफी मागायला आलोय!"

शटर गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबलं. आतून मऊ आवाज आला. "माप?"

"आणलं नाही."

"थर्मामीटर?"

"घरी आहे."

"खिसे दाखवा."

साहेबांनी ओणव्यानंच खिसे उलटे करून दाखवले. रस्त्यावरचे लोक बघत होते. एकानं तर साहेबांच्या पुढ्यात एक नाणं ठेवलं. शेवटी शटर वर गेलं. साहेबांनी दोन बोटांची सगळी हकिगत बत्त्यासकट सांगितली आणि मालकांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "साहेब, आता तुम्हाला दुकानातलं सगळ्यात भारी मशीन देतो. कंपनीचं नवीन. इतकं सुरक्षित की चोराला पाणी मिळणार नाही."

लग्नानंतर साहेबांनी न तपासता घरी आणलेली ही पहिलीच वस्तू.

मशीनचा प्लग जाडजूड निघाला, स्वयंपाकघरातल्या भोकांत जाईना. वायरमनला बोलावलं. त्यानं नवं सॉकेट बसवलं, बटण दाबलं आणि जिन्यासकट सगळी इमारत अंधारात बुडाली. वर गाणंवाल्या बाईंची शिष्या उंच सूर लावून उभी होती, तोही मध्येच तुटला. बँकवाले हातात मेणबत्ती घेऊन वर आले आणि म्हणाले, "मी बोललो होतो की नाही?" ते हे बोलले नव्हते, पण त्यांच्या हातात मेणबत्ती असल्यामुळे ते खरं वाटलं. वायरमननं दुसऱ्या दिवशी स्वतंत्र लाइन ओढली, आणि त्या संध्याकाळी सगळ्या शेजाऱ्यांच्या साक्षीनं अक्का पेला घेऊन मशीनसमोर उभी राहिली.

"काय करायचं?" अक्कानं विचारलं.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "हे कुलपाचं बटण दाबून धर. टुक वाजलं की सोड आणि लगेच हे दुसरं दाब. पेला खाली धरलेला असू दे."

अक्कानं एका हातात पेला धरला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर टेकवला. अंगठा थरथरत होता. मशीनला वाटलं कुणीतरी पुन्हा पुन्हा दाबतंय. आधी त्यानं तापमान बदललं. मग निळा दिवा लावला. मग घड्याळ मागेपुढे केलं, एक धून वाजवली आणि स्वतःला कुलूप लावून घेतलं. पाण्याचा थेंब नाही. अक्कानं पुन्हा अंगठा टेकवला. पुन्हा धून.

"अक्का, धून छान आहे हं," बँकवाले म्हणाले. कुणी हसलं नाही.

तिसऱ्या खेपेला अक्कानं अंगठा काढून घेतला. पेला हळूच ओट्यावर ठेवला. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाळ्या, तू दाबून दे."

साहेबांनी दाबलं. पाणी आलं, वाफाळतं, हवं तितकं गरम. अक्का ते प्यायली आणि आपल्या खोलीत गेली. शेजारी एकेक करून चपला घालून निघून गेले. थोड्या वेळानं अक्काच्या खोलीतून ट्रंकेची कडी वाजली. महिना संपायला दोनच दिवस उरले होते.

साहेबांना जेवण गेलं नाही. काकू म्हणाल्या, "अहो, मशीन तर चांगलंच आहे."

"चांगलं आहे. चोराला पाणी मिळणार नाही, आणि अक्काला पण नाही."

सकाळी अक्का ट्रंकेत घड्या घालत होती तेव्हा साहेब दारात येऊन उभे राहिले. "अक्का, चप्पल घाल. बाजारात जायचंय."

"कशाला? तू आणलंस ना मशीन?"

"आणलं. लिटर बघितले, तापमान बघितलं, मालकाचे पायसुद्धा धरले. पण तुझा हात कुठे बघितला मी? चल, तूच घे आता."

अक्कानं घडी तशीच ठेवली. भावाकडे पाहिलं. "सुचायला फार वेळ लागतो रे तुला," ती म्हणाली. "लहानपणीपण असाच होतास. चल."

मालकांनी अक्काला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. जुन्या सवयीनं ती मशीनच्या रांगेतून राउंड घेतल्यासारखी निघाली. मागे मालक, त्यांच्या मागे टायवाला, त्याच्या मागे साहेब. प्रत्येक मशीनपाशी थांबायची, पेला धरायची, हात लावायची.

"याला काय होतं?"

"आजी, हे वर टिचकी मारली की..."

"टिचकी जमत नाही. पुढचं."

"हे मोबाइलवरून चालतं, आजी."

"मग पाणीपण मोबाइललाच पाज. पुढचं."

रांग संपली. एकही बसेना. मालकांचा चेहरा पडला, साहेबांचा त्याहून. अक्का मात्र दुकानाच्या मागच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे नोकरांच्या कपांशेजारी पत्र्याचा एक उंच, ओबडधोबड बंब उभा होता. तोटीखाली हाताएवढी रुंद पट्टी. नोकर येत, पेल्यानंच ती पट्टी मागे ढकलत आणि पाणी घेऊन जात. अक्का सरळ तिथे गेली. पेला पट्टीला टेकवला. हात थरथरत होता, तसा थरथरू दिला. पट्टी मागे गेली ती गेली. पाणी पेल्यात पडलं, बाहेर नाही. तिनं पेला काढला, पाणी थांबलं.

तिनं उभ्या उभ्या पेला संपवला. "हे द्या."

"आजी, हे घरासाठी नसतं हो," मालक म्हणाले. "हे ऑफिसात, कॅन्टीनमध्ये ठेवतात. घरात मावायचं नाही."

"मावेल."

"दिसायला पण बरं नाही."

"मला कुठे त्याच्याशी संसार करायचाय?"

"आणि याला लॉक नाही. घरात लहान मूल असेल तर..."

"लहान मूल एकच आहे," अक्का साहेबांकडे बोट दाखवत म्हणाली, "आणि ते चहा पितं."

मालकांनी पहिलं मशीन परत घेतलं आणि तसलाच नवा बंब दुसऱ्या दिवशी घरी पाठवला. तो स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना. उभा नाही, आडवा नाही. हमालांनी दार काढून बघितलं, तरी नाही. शेवटी तो बाहेरच्या खोलीत, मुख्य दाराशेजारी, चपलांच्या कपाटाच्या जागी उभा राहिला आणि चपला जिन्यात गेल्या. काकूंनी कपाळावर हात मारला. अक्कानं आश्रमात स्वतः फोन केला. "खोली दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. "नाही नाही, तब्येत उत्तम आहे. माझ्या घरी सोय झाली."

बंब मोठा होता आणि पाणी घरातल्या तिघांना कधी संपायचं नाही. गाणंवाल्या बाई पहिल्याच आठवड्यात रियाजाआधी पेला घेऊन आल्या. अक्का त्यांना गार पाणी मिसळून कोमट करून द्यायची आणि वर सांगायची, "मफलर काढा आता, घाम येतोय तुम्हाला." मेलेल्या पाण्याचा दुश्मन इस्त्रीवाला थर्मास भरून न्यायला लागला. बँकवाले गरम पाणी पीत नसत, पण मीटर दुसऱ्याचं आहे म्हटल्यावर दिवसातून दोनदा प्यायला लागले. दार वाजलं की आतून अक्का विचारायची, "कोण? पेला आणलाय का?" आणि मग पट्टीला पेला टेकवून, थरथरत्या हातानं, न सांडता, प्रत्येकाला पाणी द्यायची. साहेब शेजारी पेपर वाचत बसलेले असत. कुणाला किती दिलं ते त्यांनी कधी मोजलं नाही. निदान मोजल्याचं कुणाला सांगितलं नाही.

अक्का त्यानंतर सहा वर्षांनी गेली. साहेबांची थोरली नात कॉलेजात जायला लागली त्या वर्षी, थंडी सरताना, एका बुधवारी दुपारी, झोपेत. ती सत्त्याऐंशी वर्षांची होती.